वाटेवरच आहे

आत्याचा फोन आला तेव्हा मी बेसावध होतो.

"अरे, माझं सहस्रचंद्रदर्शन हाय. फेब्रुवारीतला दुसरा रविवार. अकराला औक्षण. किती जण येताय ते आत्ताच सांग, म्हणजे मी आचाऱ्याला पानं सांगतो."

यातला 'सांगतो' बरोबर आहे. आत्या जन्माने पुण्याच्या पेठेतली, पण साठ वर्षांपूर्वी लग्न होऊन कोल्हापूरला गेली आणि तिथल्या बायकांसारखी 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणायला लागली. आजोबांना शेवटपर्यंत वाटायचं की मुलीला सासरी काहीतरी झालंय.

सहस्रचंद्रदर्शन म्हणजे हजार पौर्णिमा. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस धरले तर हजारांना जवळजवळ ऐंशी वर्षं आणि दहा महिने लागतात. आत्याने एवढी वाट पाहिली होती. आम्हाला फक्त अकराच्या आत पोचायचं होतं.

"सकाळी जाऊन संध्याकाळी परत," मी घरात जाहीर केलं. "पुणे-कोल्हापूर आहे किती? सुमारे २३५ किलोमीटर."

मी एका सरकारी खात्यात बत्तीस वर्षं धरणा-कालव्यांची अंदाजपत्रकं केली आहेत, हे इथे सांगितलं पाहिजे. ज्यांचा या विद्येशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: काम मंजूर व्हावं म्हणून आधी एक छोटा आकडा काढतात, त्याला मूळ अंदाजपत्रक म्हणतात. काम सुरू झालं की खरा आकडा हळूहळू उजेडात येतो. त्याला सुधारित प्रशासकीय मान्यता लागते, खात्याच्या भाषेत 'सुप्रमा'. पहिली सुप्रमा, दुसरी सुप्रमा, असं करत काम चालू राहतं आणि माणसं निवृत्त होतात.

माझं मूळ अंदाजपत्रक सुबक होतं. पहाटे पाचला प्रस्थान. साडेनऊला कोल्हापूर. अकराला औक्षण, एकला जेवण, तीनला निघणे, साडेसातला कोथरूड. चहासाठी जाता-येता पंधरा-पंधरा मिनिटं. आकस्मिक खर्चाला ठेवतात तशी अर्ध्या तासाची तरतूदही केली होती. आपण सहा जण: मी, बायको, मुलगा, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना गाडी लागते, म्हणून त्यांना मधल्या रांगेत खिडकी आणि आलेपाकाची पुडी. गाडी मुलगा चालवणार. मी कागद भिंतीवर लावला.

पहिली सुप्रमा भावाच्या बायकोने आणली.

"भाऊजी, जाताना वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊ या ना. वाटेवरच आहे."

वाई वाटेवर नाही. खंबाटकी घाट उतरलं की सुरूर फाटा लागतो, तिथून उजवीकडे आत दहा-बारा किलोमीटर जावं लागतं, आणि जितकं आत गेलो तितकंच बाहेर यावं लागतं. हे मी नकाशावर दाखवलं. तिने नकाशा प्रेमाने पाहिला आणि म्हणाली, "हो ना, म्हणजे वाटेवरच."

त्या दिवशी मला कळलं की 'वाटेवर' या शब्दाचा रस्त्याशी काही संबंध नसतो. ज्या ठिकाणी जायची आपली इच्छा आहे ते ठिकाण वाटेवर असतं. इच्छा नसेल तर रस्त्याला टेकून असलेला पाहुणाही 'आडबाजूला' राहतो. आमच्या खात्यात यालाच लाभक्षेत्र म्हणत. धरण एका तालुक्यात असायचं आणि लाभक्षेत्र वजनदार माणसाच्या गावापर्यंत पसरायचं.

मग पाझर सुरूच झाला. भावाला ज्योतिबा आठवला. मुलाला पन्हाळा. दोन्ही कोल्हापूरच्या पलीकडे, पण पलीकडचंही वाटेवर येऊ शकतं हे एव्हाना सिद्ध झालं होतं. शेजारच्या काकूंना आमच्याबरोबर यायचं नव्हतं, तरी त्यांनी जिन्यात गाठून सुचवलं, "एवढं जाताय तर नरसोबाची वाडी करून या हो." वाडी कोल्हापूरहून पन्नासेक किलोमीटर, आणि तीही पूर्वेला. बायकोने फक्त अंबाबाई मागितली. ती मागणी इतकी रास्त होती की तिच्यामुळे बाकीच्या सगळ्या बळकट झाल्या. "देवीला तासभर बास," ती म्हणाली. किरणोत्सवात मावळता सूर्य देवीच्या दर्शनाला येतो तोही तीन दिवस घेतो: पहिल्या दिवशी पावलांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. आम्ही रविवारच्या गर्दीत तासाभरात उरकणार होतो.

मेहुण्याला कोल्हापुरी चपला हव्या होत्या. वहाणांचं माप द्यायची जुनी रीत त्याला ठाऊक होती: कागदावर पाय ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची. तशी त्याने फिरवली. पण कागद पाठवायच्या ऐवजी त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. फोनच्या पडद्यावर तो पाय साडेतीन इंचांचा दिसत होता. बत्तीस वर्षांत मी प्रमाण न लिहिलेला नकाशा कधी पुढे जाऊ दिला नव्हता. मी तो शेरा मारून परत पाठवला. उत्तर आलं, "दाजी, दुकानदाराला कळतं."

"त्यापेक्षा रेल्वेने जा," असं सांगणारे एक काका प्रत्येक कुटुंबात असतात. आमच्यातल्या काकांना मी उत्तर दिलं की रस्त्याने २३५ असलेलं कोल्हापूर रेल्वेने सव्वातीनशेच्या आसपास पडतं, कारण गाडी आधी थेट मिरजेला जाते आणि तिथून पुन्हा पश्चिमेला वळते. म्हणजे रूळ टाकणाऱ्यांनासुद्धा कोणीतरी म्हणालंच असणार, मिरज काय, वाटेवरच आहे.

चौथी सुप्रमा भिंतीवर लागली तेव्हा कोल्हापुरातून निघायची वेळ संध्याकाळी सहा झाली होती. तरी मी समाधानी होतो. पन्हाळा, ज्योतिबा आणि वाडी या बाबी मी 'निधीच्या उपलब्धतेनुसार' या सदरात ढकलल्या होत्या. त्या सदरातून आजवर काहीही परत आलेलं नाही.

रविवारी आम्ही सहा चाळीसला निघालो.

का, ते सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. आमच्या घरात 'पाचला निघायचं' याचा अर्थ प्रत्येकाने वेगळा लावला होता. माझ्या मते पाचला चाक फिरायला हवं होतं. बायकोच्या मते पाचला गिझर लावायचा होता. भाऊ कात्रजला राहतो, त्याच्या मते पाचला आम्ही त्याला फोन करून उठवायचं होतं. शिवाय वाटेत नाश्ता करायचा ठरलेला असताना पोळ्या आणि बटाट्याची भाजी बरोबर घेतली होती, कारण वाटेत काय मिळेल सांगता येत नाही. पुणे-सातारा रस्त्यावर भूक लागून माणूस दगावल्याची नोंद माझ्या पाहण्यात नाही, पण मी बोललो नाही.

भाऊ आणि त्याची बायको गाडीत बसले. कात्रजच्या नव्या बोगद्यात शिरलो. आत अंधार झाला, आणि अंधारात बायकोचा आवाज आला.

"अहो, फुलवाती."

आत्याला एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचं होतं. त्यासाठी एक्याऐंशी फुलवाती तुपात भिजवून डब्यात घालून फ्रिजमध्ये घट्ट करायला ठेवायचं काम आमच्याकडे होतं. ते चोख झालं होतं. फुलवाती घट्ट झाल्या होत्या, आणि अजून फ्रिजमध्येच होत्या.

बोगद्यात गाडी वळवता येत नाही. बाहेर पडल्यावरही लगेच येत नाही. योग्य जागा सापडून आम्ही घरी पोचेपर्यंत कोथरूडला चांगलं ऊन पडलं होतं. सोसायटीच्या रखवालदाराने आदराने विचारलं, "झालं का कोल्हापूर?"

दुसरं प्रस्थान सात पन्नासला. खेड शिवापूरच्या नाक्यावर फास्टॅगने मान हलवली. पैसे नव्हते. ते भरायचं काम ज्या माणसाकडे होतं त्याने ते आदल्या रात्री नव्हे, तर त्याच्या आदल्या रात्री करायचं ठरवलं होतं. तो माणूस मीच. मागच्या वाहनांनी हॉर्न वाजवून आपापली मतं मांडली आणि मी दुप्पट पैसे रोख मोजले. 'आकस्मिक' सदर तिथेच संपलं. अजून आनेवाडी, तासवडे आणि किणी हे तीन नाके बाकी होते.

शिरवळच्या आसपास नाश्त्याला थांबलो. पंधरा मिनिटांचे चाळीस झाले. पोळ्या-भाजीचा डबा कोणी उघडला नाही.

खंबाटकीची एक गंमत आहे. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागतो आणि येताना बोगद्यातून सुळकन बाहेर पडता येतं. म्हणजे जो उत्साहात आहे त्याला वळणं आणि जो दमलाय त्याला सरळ रस्ता. सरकारी आखणीत मला दिसलेली ही एकमेव माया. सासूबाईंनी घाट आलेपाकावर काढला. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. सबंध बेतात त्या एकट्याच अशा होत्या ज्यांनी कोणतंही ठिकाण सुचवलं नव्हतं. "पोचवा म्हणजे झालं," एवढीच त्यांची मागणी.

वाईचा ढोल्या गणपती मात्र पाहावाच असा आहे, हे मला कबूल केलं पाहिजे. कृष्णेच्या घाटावर एवढा थोरला देव, पोट भरलेला, कुठेही जायची घाई नसलेला. मी त्याच्यापुढे उभा राहून घड्याळ पाहिलं तेव्हा माझीच मला लाज वाटली. बारा मिनिटांची तरतूद होती. चाळीस लागली, आणि त्यातली दहा माझी होती.

सुरूरला परत हायवेवर आलो तेव्हा अकरा वीस झाले होते. आत्याचं औक्षण सुरू झालेलं असणार. फुलवातींचा डबा बायकोच्या मांडीवर होता आणि तूप सुटायला लागलं होतं.

पुढे सातारा गेलं, उंब्रज गेलं. रस्ता सहापदरी करायचं काम चाललेलं, त्यामुळे मैलामैलावर 'वळण रस्ता' अशी पाटी. कऱ्हाड जवळ आलं तसा गाडीत वाद पेटला. भावाची बायको म्हणाली, प्रीतिसंगम पाच मिनिटांत पाहून होईल. माझी बायको म्हणाली, परत येताना पाहू. कऱ्हाडला कृष्णा उत्तरेकडून येते, कोयना दक्षिणेकडून, दोघी समोरासमोर भिडतात आणि मग मुकाट्याने काटकोनात वळून पूर्वेला जातात. आमच्या गाडीतल्या दोघींनी तसंच केलं. दोघी खिडकीबाहेर पूर्वेला पाहत बसल्या, थेट किणीपर्यंत.

तावडे हॉटेलपाशी कोल्हापुरात वळलो तेव्हा अडीच वाजले होते. मांडवात आचारी भांडी घासायला बसला होता. आत्या मात्र नऊवारीत, कपाळाला कुंकू माखलेली, रिकाम्या पंगतीत एकटी बसली होती.

"आलासा? या. मी अजून जेवलो न्हाई. तुमचीच वाट बघत बसलो."

बायकोने वितळलेल्या तुपाचा डबा पुढे केला. औक्षण आतेभावाने बाजारच्या वातींवर कधीच उरकलं होतं. आत्याने डबा उघडून पाहिला, बोट घालून तूप चाखलं आणि झाकण लावलं. "चांगलं कढवलंय. ठेव फ्रिजात. शंभरीला लागतील. फक्त एकोणीस कमी पडत्यात."

तिने आम्हाला शेजारी बसवून वाढायला लावलं. मसालेभात, अळूची भाजी, जिलेबी, मठ्ठा. भाऊ आठवडाभर तांबडा-पांढरा रस्सा डोळ्यांपुढे ठेवून उपाशीपोटी झोपत होता. कोल्हापुरात येऊन अळू खाणारा पहिला पुणेकर म्हणून त्याने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही.

मूळ अंदाजपत्रकातल्या 'तीनला निघणे' या नोंदीवर मी तीन वीसला, जिलेबी खाताना, रेघ मारली.

त्यानंतरचं कोल्हापूर भराभर झालं. देवीच्या रांगेत दोन तास. चपलांच्या दुकानात मुलाने मेहुण्याच्या पायाचा फोटो दाखवला. दुकानदाराने तो बोटांनी मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला आणि विचारलं, "माणूस केवढा हाय?" मुलाने हात खांद्याच्या वर नेऊन दाखवलं. "मग नऊ नंबर." मेहुण्याला नंतर त्या तंतोतंत आल्या. आयुष्यभर मी प्रमाणाला उगीच जपलं. रंकाळ्यावर पाच मिनिटं टेकलो, कारण तो खरोखरच वाटेवर होता, निदान आतेभावाच्या म्हणण्याप्रमाणे.

निरोप घ्यायला आत्याकडे आलो ते साडेआठला. तिने राहायचा आग्रह केला, आम्ही नाही म्हटलं, आणि नाही म्हटल्याची भरपाई म्हणून तिने दहा किलोची गुळाची ढेप गाडीत ठेवायला लावली.

"ही तुमची न्हाई. तुमची काकवीची बाटली त्या पिशवीत. ही ढेप साताऱ्याला माझ्या मैत्रिणीच्या लेकीकडं द्यायची. गाडीतून उतरायचं बी न्हाई. हाक मारायची, द्यायची, निघायचं. तुमच्या वाटेवरच हाय."

मैत्रिणीची लेक अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहते. अकरा वाजता आम्ही गल्ल्यांतून चढत होतो. कुत्री आमच्यामागे लागली होती. चौथ्या दाराशी बेल वाजवल्यावर लुंगीतले एक गृहस्थ बाहेर आले. दहा किलोची ढेप छातीशी धरून उभ्या असलेल्या मला त्यांनी नखशिखांत पाहिलं आणि आत वळून म्हणाले, "अगं, कोल्हापूरचा गूळ आला."

बाई लगबगीने बाहेर आल्या. चहा घ्याच म्हणाल्या, मी नको म्हटलं. पाणी तरी घ्या म्हणाल्या, ते घेतलं. मी वळणार तेवढ्यात त्यांनी एक खोका पुढे केला, दोऱ्याने बांधलेला.

"कंदी पेढे आहेत. तुम्ही पुण्यालाच जाताय ना? कोथरूड ना? माझी नणंद खराडीला असते."

कोथरूड पुण्याच्या एका टोकाला आहे आणि खराडी दुसऱ्या. मधे अख्खं पुणं आहे. मी तोंड उघडलं. नाही म्हणायचे अनेक सभ्य शब्द मला येतात, नोकरीत तेच वापरत होतो. ते जुळवत असताना मागे गाडीची काच खाली झाली आणि सकाळपासून डोळे मिटून बसलेल्या सासूबाईंचा आवाज आला.

"घ्या हो. वाटेवरच आहे."