कोणतं बटन दाबू?

मागच्या महिन्यात मोबाईलात एक ॲप घेतलं, वेळेचा हिशेब ठेवणारं. काम सुरू केलं की बटन दाबायचं, संपलं की पुन्हा दाबायचं. रात्री सगळा दिवस रंगीत पट्ट्यांत समोर येतो. आठ दिवसांत कळलं की माझे रोजचे साडेतीन तास नुसतं मोबाईलवर बोट फिरवण्यात जातात. बिलोलीहून एसटीनं नांदेडला जाऊन परत यायला जवळजवळ एवढाच वेळ लागतो. मी वेळ कमी केला, फायदा झाला. म्हणून तेच ॲप बायकोच्या मोबाईलातही टाकून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात होती. कुकरची दुसरी शिट्टी झाली होती, तव्यावर भाकरी होती, नळ आला होता म्हणून मोरीत घागर लावलेली होती. पिठाच्या हातानं तिनं मोबाईलला बोट लावलं, ते उमटेना. हात पुसून पुन्हा लावलं, तोवर भाकरी करपली. ती म्हणाली, "अहो, एका टायमाला तीन कामं चालू हायेत. कोणतं बटन दाबू, सांगा की."

मला सांगता आलं नाही. त्या ॲपात एका वेळी एकच घड्याळ चालतं. कामांच्या यादीत मीटिंग होती, व्यायाम होता, वाचन होतं. पाणी भरणं नव्हतं. सासूला वेळेवर गोळी देणं नव्हतं. ज्याला गरम भाकरी हातात मिळते, त्याच्याच दिवसाचा साचा घेऊन ते ॲप बनवलेलं आहे.

सरकारी मोजणी यापेक्षा शहाणी निघाली. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. कर्मचारी घरी येतात आणि सहा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाचा आदला दिवस विचारतात, पहाटे ४ पासून दुसऱ्या पहाटे ४ पर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासानं. एका अर्ध्या तासात तीन कामं लिहायची सोय त्यांनी ठेवली आहे. स्वयंपाकघरात दिवस कसा जातो हे ठाऊक असलेल्या माणसानंच ती सोय केली असणार.

२०२४ च्या पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात गेली, पुरुषाची ८८ मिनिटं. ही ८८ मिनिटंसुद्धा जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचीच आहेत, आणि असे पुरुष शंभरात २७ च्या आसपास. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची १० मिनिटं कमी झाली आणि पुरुषानं आपलीही ९ कमी करून घेतली. बाईच्या कामातलं त्यानं काहीच उचललं नाही.

मुलंबाळं, म्हातारी माणसं यांची देखभाल या आकड्यांत धरलेली नाही, ती वेगळी मोजतात. आपल्या तालुक्यात तर बाई सोयाबीनच्या खुरपणीला जाते, कापूस वेचायला जाते आणि दिवस मावळताना घरी येऊन पुन्हा चुलीपुढे बसते. त्याच वेळी घरचा गडी पारावर मोबाईल बघत असतो. "ती घरीच असते" हे वाक्य आपण किती सहज बोलतो! ते खोटं आहे आणि ते बोलणं बंद झालं पाहिजे.

मोबाईलवरचा वेळ कमी केला, ही निम्मीच गोष्ट झाली. वाचलेला तास कुठं गेला, हा खरा प्रश्न आहे. तो तास पुन्हा आपल्याच आरामात गेला, तर ॲप घेऊन घरात काही बदललं नाही.

म्हणून या रविवारी ॲप राहू द्या. शंभर पानी वही घ्या, पहाटे ४ पासून अर्ध्या अर्ध्या तासाच्या ओळी आखा आणि घरातल्या बाईचा एक दिवस लिहून काढा. तिला लिहायला लावू नका, ते तिला आणखी एक काम होईल. तुम्ही स्वतः बसा, बघा आणि लिहा. मग त्या यादीतली दोन कामं कायमची स्वतःच्या नावावर करून घ्या.

आमच्या घरी नळाचं पाणी आणि आईच्या गोळ्या आता माझ्याकडे आहेत.