सेनेकाची पाचशे टेबलं

गरिबीची भीती घालवायची असेल तर अधूनमधून चार दिवस जाडंभरडं खाऊन पाहावं, असा सल्ला रोमन तत्त्वज्ञ सेनेकानं ल्युसिलियस या मित्राला पत्रातून दिला. सल्ला उत्तम. देणारा नीरो बादशहाचा गुरू आणि रोममधल्या बड्या धनिकांपैकी एक. त्याच्याकडे हस्तिदंती पायांची पाचशे टेबलं होती, सगळी एकसारखी, असं इतिहासकार डिओ कॅसियस सांगतो. (डिओचा सेनेकावर राग होता, तेव्हा पन्नास-शंभर वजा करा.) सेनेकानं ब्रिटनच्या लोकांना चार कोटी सेस्टर्स कर्जाऊ दिले आणि मग एकदम वसुली काढली. इ. स. 60च्या सुमारास बौडिका राणीनं केलेल्या बंडामागे हेही एक कारण होतं, असंही डिओच म्हणतो. म्हणजे जाडंभरडं खाण्याचं प्रात्यक्षिक ब्रिटनला मिळालं, तेही सव्याज.

टीकाकारांसाठी सेनेकाचं उत्तर तयार होतं: शहाणा माणूस संपत्तीला मनात थारा देत नाही, घरात देतो. इतकी सोयीची वाटणी आपल्याकडच्या एकाही बुवाला सुचू नये, याचं नवल वाटतं. बिचाऱ्यांना अजून ट्रस्ट काढावा लागतो.