चोकोसभाऊ

उमरेडच्या कुठल्याही टपरीवर तर्री-पोह्यांची प्लेट हातात धरून जे गृहस्थ "नाश्त्यात आता मजा राह्यली नाही, बाप्पा" म्हणतात, ते चोकोसभाऊ. वय चाळिशीच्या अल्याडपल्याड, शर्टावर तर्रीचा ताजा ठिपका. पोह्यांबद्दल तक्रार नसतेच. हे वाक्य ते दुसरी प्लेट सांगून झाल्यावर म्हणतात. जीव अडकलाय लहानपणच्या चोकोसमध्ये.

केलॉग कंपनी 1994 साली भारतात आली, तिनं तळोज्याला कारखाना टाकला आणि पुढे गव्हाचे हे चॉकलेटी शिंपले घरोघर पोचले. उमरेडात ते आधी टीव्हीवरच पोचले. खोका हवा तर भाऊंचे वडील दुकानाच्या खरेदीला नागपूरला गेले की सीताबर्डीहून आणत आणि नॅरोगेजच्या गर्दीत मांडीवर सांभाळत. वेकोलिच्या, म्हणजे कोळसा कंपनीच्या, कॉलनीत साहेबांची पोरं चोकोस खात. आपल्याही घरी ते येतात हे कळावं म्हणून रिकामा खोका शोकेसमध्ये, प्लास्टिकच्या फुलांशेजारी, दोन दिवाळ्या उभा होता. कऱ्हांडल्याच्या जंगलातली अस्वलं मोहफुलं खातात. खोक्यावरचं अस्वल येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहून नुसतं हसायचं.

"आम्ही चोकोसवर वाढलो," भाऊ सांगतात. वाढले ते दूध-पोळीच्या कुस्कऱ्यावर. चोकोस मिळायचे रविवारी, मूठभर, आणि पाहुण्यांचं पोर आलं असेल तर त्यातलेही अर्धे.

कंपनीची अपेक्षा होती थंड दुधाची. भाऊंच्या आईला ती मान्य नव्हती. "थंडं दूध पोटात गेलं तं खोकला होते," असं म्हणून ती पातेल्यातलं उकळतं दूध ओतायची, त्यावर सायीचा जाड पापुद्रा सोडायची आणि वरून साखर भुरभुरायची. तळोज्यात जीव तोडून भरलेला कुरकुरीतपणा चमचा सापडेपर्यंत खल्लास. देशभर हेच चाललं होतं आणि कंपनी हतबुद्ध झाली होती. भाऊ मात्र सायीत लडबडलेला तो तपकिरी लगदा वाटीला बोट फिरवून संपवत.

आता चोकोस कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतात. भाऊ आणतात, फ्रिजमधलं दूध घालतात, दोन चमचे खातात आणि निकाल देतात: "कंपनी माल मारून राह्यली." मग साखरेवर संशय, कोकोवर संशय, पिशवीतल्या दुधावर तर खटलाच. पोरगं समोर बसून शांतपणे पोहे खात असतं. वहिनी सुचवतात, "अहो, दूध तापवून टाकून पाहा ना."

"तसं नसते खात. खोक्यावर थंड दूध लिहून आहे!"

परवा फ्रिज बिघडला. म्हाताऱ्या आईनं काही न विचारता उकळतं दूध ओतलं, साय सोडली, साखर टाकली. भाऊंनी पहिला चमचा घेतला आणि बोलायचे थांबले. वाटी चाटूनपुसून झाल्यावर त्यांनी खोका उलटा करून तळाचा नंबर वाचला.

"हा जुना स्टॉक दिसते," ते म्हणाले, आणि त्याच बॅचचे उरलेले सगळे खोके उचलायला दुकानाकडे निघाले.