अलिबाग, पेणमार्गे

मांडव्याला जाणाऱ्या बोटीत होकायंत्र कुठे धरावं, असं सहसा कोणी विचारत नाही. पुण्याच्या काकांनी विचारलं. बोटीवरच्या पोराने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि उलटीची पिशवी आणून दिली.

प्रश्न मात्र रास्त होता. बोटीत जिकडेतिकडे लोखंड. डावीकडे सुई एक सांगे, उजवीकडे दुसरंच. शेवटी ती एका जागी ठाम उभी राहिली तेव्हा उत्तर दिशा काकूंच्या पर्समध्ये असल्याचं निष्पन्न झालं. पर्सच्या बटणात चुंबक होता. काकांनी पर्स दुसऱ्या बाकावर ठेवायला सांगितली. काकूंनी होकायंत्र दुसऱ्या बाकावर ठेवायला सांगितलं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर काकांना हा नाद लागला. मोबाइलवरचा निळा ठिपका आपण कुठे आहोत ते सांगतो, पण स्वतः किती चुकतोय त्याची वाच्यता करत नाही. जुनी यंत्रं आधी चूक हातात ठेवतात, तीही मैलांत मोजून. काकांना भुरळ पडली ती या चुकीची. उभी हयात एका पैशाचा फरक शोधण्यात गेलेल्या माणसाला पाच मैलांची चूकही ‘बरी आहे’ म्हणून खपते, हे सुख काही औरच असणार.

सामानात हाताचं होकायंत्र, प्लास्टिकचा सेक्स्टंट आणि जुन्या बाजारातून घासाघीस करून आणलेली मोजणीची लोखंडी साखळी. ओझ्याचा विषय निघाला की काका विल्यम लँबटनला पुढे करतात. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणाऱ्या या माणसाचं थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचं होतं. १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर ते चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आपटलं, आणि गड्याने कित्येक आठवडे खपून ते स्वतःच्या हाताने सरळ केलं. १८२३ मध्ये तो वारला आपल्या हिंगणघाटला, कबरही तिथेच. ‘पण त्यानं ते बायकोच्या पिशवीत घातलं नव्हतं,’ एवढंच काकू म्हणतात.

अलिबागला उतरल्यावर लोक समुद्र बघतात. काकांनी चुंबकीय वेधशाळेचं कुंपण बघितलं. मुंबईच्या ट्राम विजेवर चालवायचं घाटत होतं, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतली नाजूक उपकरणं विजेच्या प्रवाहाने भरकटणार हे उघड होतं. म्हणून नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये हे काम अलिबागला आलं, लोखंड कटाक्षाने टाळून बांधलेल्या इमारतीत. नोंदी तुटू नयेत म्हणून दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे सुया वाचल्या गेल्या. काकांना हे सगळं पाठ. पण होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक कसा वजा करायचा हे त्यांनी घोकून आणलं होतं, आणि या किनाऱ्यावर तो फरक एक अंशाचाही नाही. अभ्यास करून आलेला धडा परीक्षेत न यावा, तसा त्यांचा चेहरा झाला.

मग एका वाडीच्या रस्त्याकडेला साखळी उलगडली. ही खरी चूक. अलिबाग तालुक्यात माणूस कुत्रा घेऊन फिरला तर कोणी पाहत नाही, साखळी घेऊन फिरला तर गाव गोळा होतं.

‘कॉरिडॉरची मोजणी का, साहेब?’ एकाने विचारलं. ‘आमची आंब्याची झाडं धरली का त्यात?’ दुसऱ्याने. तिसऱ्याने काही न विचारता फोन लावला, आणि पाच मिनिटांत मोटारसायकलवरून प्लॉटवाले एजंट हजर झाले. काकांनी सांगितलं, छंद आहे. ‘असं सगळेच म्हणतात,’ एजंट समजूतदारपणे म्हणाले आणि चहा मागवला.

चहावर काकांनी त्यांनाच शिकवायला घेतलं. एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाची १६२० ची साखळी ६६ फुटांची, शंभर कड्यांची. तिची निम्मी ३३ फूट. तेहेतीस गुणिले तेहेतीस म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच आपला गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. ज्या गुंठ्यावर एजंटांचा संसार चालला होता, त्याच्या अंगात साहेबाची साखळी निघावी याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांनी काकूंना ‘सी-व्ह्यू’चा भाव सांगितला. काकूंनी तो दोनदा विचारून घेतला. आख्ख्या प्रवासात त्यांना पटलेलं हे पहिलं माप.

दुसऱ्या दिवशी अष्टमी. अलिबागसमोरच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावर नेणाऱ्या टांगेवाल्याने हिशेब एका दमात सांगितला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती, बाराला ओहोटी, आत्ता बिनधास्त चला. ‘आणि चूक किती?’ काकांनी विचारलं. ‘अर्धा तास इकडे-तिकडे.’ काकांनी त्याचा हात हातात घेतला. न लपवता चूक सांगणारा माणूस त्यांना फार दिवसांनी भेटला होता.

किल्ल्यात दोन मोठ्या तोफा आहेत, यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्यात ओतलेल्या. हात थरथरू नये म्हणून काकांनी होकायंत्र नेमकं त्यांतल्या एका तोफेवर टेकवलं. त्याबरोबर वायव्येची खांदेरी भलतीकडेच सरकली, कोर्लई डोंगरात शिरली, आणि कागदावर तीन रेघांचा जो त्रिकोण झाला त्यात किल्ला, किनारा आणि एसटी स्टँड असं सगळं मावलं. काकू म्हणाल्या, ‘म्हणजे बरोबरच आहे की. आपण त्यात कुठेतरी आहोतच.’

सेक्स्टंटची गोष्ट निराळी. दोन आरशांच्या युक्तीने सूर्याला खाली आणून क्षितिजावर टेकवायचं, कोन वाचायचा. जॉन हॅडलीने या युक्तीचं यंत्र रॉयल सोसायटीपुढे मांडलं १७३१ मध्ये. कान्होजी आंग्रे १७२९ मध्येच गेले, त्यांची समाधी गावातच आहे. ‘त्यांचं अडलं नाही ना काही?’ काकूंनी विचारलं. प्रश्न अनुत्तरित राहिला, कारण मध्यान्ह जवळ आली होती.

इथे सूर्य घड्याळाच्या बारा वाजता माथ्यावर येत नाही. मुंबईने जुना बॉम्बे टाइम सोडला १९५५ मध्ये, सूर्याने अजून सोडलेला नाही. मेच्या मध्याला त्याची मध्यान्ह बारा पस्तीसच्या सुमारास. पण त्याच दिवसांत इथे शून्य सावली पडते, सूर्य अगदी डोक्यावर येतो. मग कोणत्याही क्षितिजावरून मोजा, कोन नव्वदच्या आसपास. सूर्य क्षणात पूर्वेकडून पश्चिमेला उडी मारतो आणि त्याला कुठल्या बाजूला टेकवावं हेच कळत नाही. काका सेक्स्टंट डोळ्याला लावून जागच्या जागी गरगर फिरू लागले. एका सहलीच्या गटाने त्यांना सावलीत बसवलं आणि कोकम सरबत पाजलं.

दुपारी किनाऱ्यावर परतल्यावर मात्र पश्चिमेला सूर्य, खाली समुद्राची सरळ रेघ, सगळं जमून आलं. काकूंनी वेळ टिपली, कारण चार सेकंदांची चूक म्हणजे रेखांशाचं एक मिनिट, इथल्या अक्षांशाला पावणेदोन किलोमीटर. प्लास्टिकचं यंत्र उन्हात तापलं की आरसे किंचित हलतात, आणि काकांचं तर सकाळपासून तापत होतं. आकडेमोड झाली, रेघ नकाशावर उतरली आणि थेट पेणवरून गेली.

‘अलिबागहून आलाय का?’ या महाराष्ट्राच्या जुन्या प्रश्नाला काकांकडे आता लेखी उत्तर होतं.

संध्याकाळी वाळूत पोरांचं क्रिकेट चाललं होतं. खेळपट्टी बावीस यार्ड, बावीस यार्ड म्हणजे सहासष्ट फूट, म्हणजे साखळी पिशवीत कशाला ठेवायची? काकांनी ती पसरली. खेळपट्टी दोन हात कमी भरली. ताबडतोब ज्या संघाचे पाच गडी बाद झाले होते त्याने पाचही परत मागितले. दुसऱ्या संघाने साखळीच खोटी ठरवली. काकांनी न्यायाने उलट्या टोकाकडून पुन्हा मोजली, आणि या वेळी ती दीडच हात कमी भरली.

‘पाहिलंत? आता दोन्हींची सरासरी काढायची,’ काका खुशीत येऊन म्हणाले.

‘काका, बाजूला व्हा,’ गोलंदाज म्हणाला. तो निम्मा धावून आला होता.