खातरजमे

खातरजम्यांना ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं की ते आधी घड्याळ बघतात आणि मग ‘मॉर्निंग’ म्हणतात. सकाळ आहे हे तपासता येतं. ती चांगली आहे याला पुरावा नसतो, म्हणून तेवढा शब्द ते गाळतात.

प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीत एक खातरजमे असतात. खरं आडनाव दुसरंच. हे ऑफिसनं बहाल केलेलं. तुम्ही वेबसाइटवरचा फॉर्म भरून ‘सबमिट’ दाबता, तिथून तो मजकूर डेटाबेसात पोचेपर्यंतच्या वाटेवर हे बसलेले असतात. आमचे खातरजमे जँगोवर काम करतात. हे फ्रेमवर्क अमेरिकेत, कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत तयार झालं आणि २००५मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याची शिस्त तिथलीच, असं खातरजम्यांचं मत. “बातमीदारानं लिहिलं म्हणून कोणी छापतं का? आधी तपासायचं!” जँगोचा फॉर्मही आलेला मजकूर आधी तपासतो आणि पसंत पडेल तेवढाच ‘क्लीन्ड डेटा’ नावाच्या कप्प्यात ठेवतो. घ्यायचं ते त्या कप्प्यातूनच. एखाद्या नव्या पोरानं थेट कच्च्या मजकुराला हात घातला, तर कोणी चपला घालून देवघरात शिरल्यासारखे ते कळवळतात.

घरीही तेच. पुतण्याच्या मुंजीला त्यांच्याकडे पानं मोजायचं काम आलं. नातेवाईक फोनवर सांगायचे, “आम्ही चार-पाच जण येऊ.”

“चार की पाच?”

“बघू रे, जमेल तसं.”

“काका, इथे पूर्णांक लागतो.”

त्यांचं खरं वाजतं ते फ्रंटएंडवाल्यांशी. एका कॉलेजच्या प्रवेश अर्जाचं काम चालू असताना टीममधली एक मुलगी म्हणाली, “सर, मी ब्राउझरमध्येच सगळं तपासलंय. चुकीचं काही पुढे जाणारच नाही.”

“ब्राउझर कोणाचा?”

“यूजरचा.”

“म्हणजे पंच त्याच्याच घरचा!”

मग त्यांनी डेव्हलपर टूल्स उघडले, अर्जात लपवून ठेवलेला फीचा रकाना शोधला, ५००च्या जागी १ लिहिला आणि सबमिट केलं. “अभिनंदन. एका रुपयात प्रवेश.” तेव्हापासून फी किती हे आम्ही फॉर्मला विचारतच नाही, सर्व्हर स्वतःच्या वहीत बघून सांगतो.

नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात २०१२च्या गिटहबचं आख्यान ऐकावं लागतं. गिटहब म्हणजे कोड ठेवायची साइट, रेल्स या फ्रेमवर्कवर बांधलेली. एका पठ्ठ्यानं आपली पब्लिक की बदलायच्या फॉर्मबरोबर एक जादा रकाना चिकटवून पाठवला. तो रकाना पानावर नव्हताच. पण सर्व्हरनं जे येईल ते भरून घेतलं आणि या पठ्ठ्याला खुद्द रेल्सच्या प्रकल्पात लिहायची मुभा मिळाली. पुढच्या वर्षी रेल्सच्या चौथ्या आवृत्तीनं नियमच केला की कोणते रकाने घ्यायचे ते आधी सांगा, बाकीचे बाहेर. इथे खातरजमे चहाचा कप खाली ठेवतात. “लोक असलेले रकाने भरत नाहीत आणि नसलेले भरून पाठवतात!”

फॉर्ममध्ये गुप्त टोकन घालायला कोणी विसरलं की जँगो ४०३चा फलक दाखवून परत पाठवतो. तुम्ही आमच्या साइटवर लॉग-इन असताना दुसरीच एखादी साइट तुमच्या ब्राउझरकडून परस्पर फॉर्म पाठवू शकते. तसं झालं तर तिच्याकडे ते टोकन नसतं, म्हणून हा बंदोबस्त. टीममध्ये म्हापशाचा एक मुलगा आहे. गोव्याचे पिनकोड ४०३नेच सुरू होतात, म्हणून तो फलक दिसला की तो खुर्चीतूनच ओरडतो, “पोचलो घरी!” खातरजमे हसत नाहीत. पिनकोडला सहा आकडे लागतात, एवढंच सांगतात.

असा हा माणूस कोणाचा कैवार घेईल असं वाटत नाही. पण त्या प्रवेश अर्जातच एका पोरानं नाव तपासायला नेहमीचा ठोकळेबाज पॅटर्न लावला आणि ‘श्रीकृष्ण’ नावाचा अर्ज परत गेला. जँगोची भाषा पायथॉन, आणि तिचा तो पॅटर्न काना-मात्रा-वेलांट्यांना अक्षरच मानत नाही. खातरजमे ताडकन उठले. “बारशाला ठेवलेलं नाव चुकीचं ठरवणारे आपण कोण?” डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, कॉम्प्युटर त्याच नावात नऊ मोजतो, हे त्यांनी फळ्यावर फोडून दाखवलं, आणि नावाच्या रकान्याची लांबी सढळ हातानं वाढवली. आडनाव सक्तीचं होतं, ते ऐच्छिक केलं. कोणी पिनकोड ४११०३० असा देवनागरीत लिहिला, तर जावास्क्रिप्टची तपासणी त्याला अडवत होती. पायथॉन मात्र तो बिनबोभाट आकडा म्हणून वाचतो. “आपल्या पायथॉनला मराठी येतं,” ते छाती फुगवून म्हणाले.

त्यांचा अविश्वास मजकुरावर आहे, माणसावर नाही. चाळीस रकान्यांत एक चुकला, तर उरलेले एकोणचाळीस जसेच्या तसे भरून फॉर्म परत आला पाहिजे, आणि चूक त्या रकान्याशेजारीच दिसली पाहिजे. ‘अवैध इनपुट’ हा संदेश त्यांनी हद्दपार केला. तिथे आता ‘मोबाइल नंबरात एक आकडा कमी पडतोय’ असं येतं. फोटो मात्र पुन्हा निवडावा लागतो. त्याबद्दल पानावर दिलगिरी आहे, ती त्यांच्याच हातची.

फॉर्म यशस्वी झाला की यूजरला लगेच दुसऱ्या पानावर पाठवायचं, हा त्यांचा शेवटचा नियम. तो तिथेच थांबून रिफ्रेश करत बसला, तर एकाचे दोन अर्ज होतात. हा नियम ते स्वतः पाळतात. मॅनेजरनं रजेला ‘हो’ म्हटलं की ‘थँक्यू’ म्हणायलाही न थांबता केबिनबाहेर पडतात.

गेल्या वर्षी एचआरनं स्वमूल्यमापनाचा फॉर्म काढला. ‘तुमच्या त्रुटी’ या सक्तीच्या रकान्यात खातरजम्यांनी नुसती एक स्पेस दिली आणि फॉर्मनं ती घेतली. त्यांना रात्री झोप आली नाही. सकाळी त्यांनी एचआरच्या नावे बग नोंदवला, तो दुरुस्त करून घेतला, आणि आजवर स्पेस देऊन सुटणाऱ्या सगळ्या ऑफिसला आपापल्या त्रुटी लिहाव्या लागल्या. लोक अजून त्यांच्या नावानं बोटं मोडतात. खातरजम्यांनी यंदा त्या रकान्यात त्या फॉर्मच्याच त्रुटी लिहिल्या, क्रमांक घालून. फॉर्मनं त्या मुकाट्यानं स्वीकारल्या. त्याबद्दल त्यांनी आणखी एक बग नोंदवलाय.