बुवा, काळी दोन आणि पियानो

शहापूर-मुरबाडच्या भजनात मुरलेल्या एखाद्या बुवांनी उद्या इंग्रजी कलागीत, म्हणजे पियानोच्या साथीने गायची कविता, शिकायचं मनावर घेतलं, तर पहिली अडचण इंग्रजीची येणार नाही, वाहतुकीची येईल. पेटी एसटीत मांडीवर घेता येते. उभा पियानो सहज दोनशे किलोंचा. त्याच्यासाठी कसारा लोकलमध्ये कुणी चौथ्या सीटवर सरकायचं नाही. तेव्हा बुवांनीच मुंबई गाठायची. शहापूरकराला निदान आसनगाव स्टेशन आहे. मुरबाडकराला आधी एसटीने कल्याण गाठावं लागतं.

मुंबईला पोचल्यावर बुवा सवयीने आपली पट्टी मागणार, "काळी दोन द्या."

"पुस्तक उंच आवाजाचं आणलंत की खालच्या?" पियानोवाला विचारणार. या गाण्यांत पट्टीसुद्धा छापून येते.

समजा, गाणं निघालं संगीतकार व्हॉन विल्यम्सच्या 'साँग्ज ऑफ ट्रॅव्हल' या गीतमालेतलं. कविता स्टीव्हन्सनच्या, गायन पहिल्यांदा झालं लंडनला १९०४ साली. पहिलंच गाणं भटक्याचं. गायक तोंड उघडण्याआधीच पियानोचे सूर दमदार पावलं टाकत रस्त्याला लागलेले असतात. माळशेजच्या वाटेवर वाढलेल्या माणसाला हे लगेच पटावं. पटतंही, म्हणून बुवा खुशीत एक तान घेतात. पेटीवाला असता तर तानेमागे धावला असता, शब्द विसरले तर टाळकऱ्यांनी वेळ मारून नेली असती. इथे पियानोला त्याचं स्वतःचं लिहून दिलेलं काम आहे. बुवा अजून मुरबाडात, आणि पियानो पुढे टोकावड्याला पोचलेला!

अर्थात पियानोवाला आडमुठा नसतो. चांगला असेल तर गायकाच्या श्वासाबरोबर श्वास घेतो. पियानोच्या साथीतले बुजुर्ग जेराल्ड मूर यांनी १९६२च्या आत्मचरित्राला नावच दिलं 'अ‍ॅम आय टू लाउड?', म्हणजे 'माझा आवाज फार होतोय का?' आपल्याकडे हा प्रश्न लाउडस्पीकरवाल्यालाही पडत नाही.

शिकवणारे नाहीत, ही सबबही चालणार नाही. मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो गायिका पॅट्रिशिया रोझारियो आणि त्यांचे पियानोवादक पती मार्क ट्रूप यांनी २००९मध्ये 'गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया' हा उपक्रम सुरू केला, तो भारतातल्या गायकांना पाश्चात्त्य अभिजात गायन शिकवण्यासाठी.

तेव्हा बुवा, जरूर शिका. फक्त तान भजनासाठी राखून ठेवा, आणि परतीची शेवटची एसटी किती वाजता सुटते ते आधी विचारून घ्या.