आस्तीची बाटली सांगलीला

आमचे साडू इटलीहून परतले ते तिथल्या आस्तीच्या वाइनची एक बाटली घेऊन. मोस्कातो दास्ती. साताऱ्याहून सांगलीला मावशींकडे निघालो, तेव्हा गाडीत बर्फाचा डबा आणि एसीचा झोत तिच्याकडे. आम्ही नवरा-बायको मागे, उन्हाच्या बाजूला. खड्डा आला की साडू मागे वळून विचारायचे, "बरी आहे ना?" एकदा बायकोने "हो, बरी आहे" म्हटलं. प्रश्न तिला नव्हता.

बेत असा होता की वाटेत जे नामांकित मिळेल ते घ्यायचं आणि संध्याकाळी बाटलीशी जुळवून बघायचं. साताऱ्यात कंदी पेढे झाले, पुढे महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या. कराड येईपर्यंत साडूंचं व्याख्यान चालू होतं: मस्कत द्राक्षाचा रस आंबत असतानाच गार करून थांबवतात, म्हणून साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल जेमतेम साडेपाच टक्क्यांवर अडतं. बंद टाकीत फसफस कोंडायची युक्ती फेदेरिको मार्तिनोत्तीने 1895 मध्ये आस्तीतच काढली. पुढे शार्मा नावाच्या फ्रेंच माणसाने ती सुधारली आणि जगभर नाव त्याचंच झालं.

"आमच्या ऑफिसात हेच चालतं," बायको म्हणाली.

कराडहून मुद्दाम पलूसची वाट धरली. द्राक्षापासून वाइन व्हावी म्हणून 2001 च्या धोरणानंतर सरकारने नाशिककडे विंचूर आणि इकडे पलूस इथे वाइन पार्क काढले. विंचूरचं नाव झालं. या भागात मात्र राज्य बेदाण्याचं. तासगावच्या अलीकडे एका बेदाणा शेडपाशी साडू थांबले. जाळ्यांच्या मजल्यांवर हिरवट द्राक्षं सुकत पडली होती.

"याची वाइन का नाही करत?"

"पाव्हणं, बेदाणा कोल्ड स्टोरेजला टाकला की दर बघून काढता येतोय. तुमची बाटली घ्यायला हितं कोण येणार?" मालकांनी साडूंच्या ओंजळीत मूठभर बेदाणे ओतले. "आन् गोडच पायजे तर हे खावा की."

खरं म्हणजे थॉम्पसन किंवा सोनाका ही खायची आणि सुकवायची जात. मस्कतचा तो फुलांसारखा वास तिच्यात नाही. हे साडूंनी गाडीत बसल्यावर सांगितलं. शेडमध्ये सांगायची हिंमत झाली नाही.

सांगलीत मावशींनी आधी अल्कोहोल किती ते विचारून घेतलं आणि "मग बिअरएवढंच की" म्हणून परवानगी दिली. आता बूच उडणार, म्हणून देवघराचा पडदा ओढला गेला, ट्यूबलाइटखालून मुलं हलवली, साडूंनी डोळे मिटून वरची पन्नी काढली. आत तार नाही, काही नाही. साधं सपाट बूच. या वाइनला दाब कमी, त्यामुळे बूच नेहमीचंच असतं आणि त्याला ओपनर लागतो. तो घरात कुणाकडेच नव्हता. अखेर काकांनी लाकडाचा स्क्रू पिळून आत घातला आणि पक्कडीने ओढला. आवाज आला तो काकांचा.

पहिला मान पेढ्याचा. पेढा खाऊन घोट घेतला, तर बिनसाखरेचं लिंबू सरबत! पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट पडते. स्ट्रॉबेरीने बरी साथ दिली, पण तिची खरी जोडी आस्तीशेजारच्या आक्वीच्या लाल, फसफसत्या ब्राकेत्तोशी. तेवढ्यात मावशींनी सवयीने भडंगाची ताटली पुढे सरकवली. लसूण, तिखट, शेंगदाणे, बोटांना लागणारं तेल. वर एक गार घोट. तिखटाची धार गोडव्याने बोथट केली, तेल बुडबुड्यांनी धुतलं आणि पुन्हा बकाणा भरावासा वाटला. साडू गप्प झाले, कारण इटलीत या वाइनबरोबर हेझलनटचा केक खातात, हे ते दिवसभर सांगत आले होते.

सातारकरांनी रागावू नये. पेढा दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच खावा. त्याला कुणाच्या सोबतीची गरज नाही. मोस्कातो मिळालीच तर फ्रिजमध्ये चांगली गार करा, भडंग लसणीचं आणि तिखटच आणा, आणि ओपनर आधी शोधून ठेवा.